वास कुणाचा? जनरेटरच्या धुरातला अमोनिया मोजतानाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, रत्नागिरी

काम अखेर हातात घेतलं. काकी बंदराजवळच्या एका कारखान्यात अकरा वर्षं कोळंबी सोलायला जाते. गेल्या पावसाळ्यापासून तिथे एकच त्रास चालू आहे. वीज जाते, जनरेटर लागतो, आणि थोड्या वेळाने सोलाईच्या शेडमध्ये नाकाला झोंबणारा वास येतो. माल गोठवायच्या यंत्रात कॉम्प्रेसरने अमोनियाच खेळवलेला असतो, त्यामुळे "गॅस सुटला" म्हणत साठ-सत्तर बाया हातातली कोळंबी टाकून दाराकडे धावतात. दोन वेळा चेंगराचेंगरी थोडक्यात टळली, एकीचा पाय मुरगळला. फिटर येतो, पाइपांचे सांधे तपासतो, त्याला काही सापडत नाही. मग बायांना भास होतो असं ठरतं.

काकीला भास होत नाहीत. ती मला म्हणाली, "हा कॉम्प्रेसरच्या खोलीतला वास नाही गो. ह्याला धुराची कड आहे."

तिचं वाक्य डोक्यात ठेवून जनरेटरचे कागद मागवले. मशीन १२५ केव्हीएचं, २०२४ मध्ये घेतलेलं. १ जुलै २०२३ पासून जनरेटरला नवे प्रदूषण नियम लागू झाले. ह्या आकाराच्या मशीनला नायट्रोजन ऑक्साइड विजेच्या युनिटमागे ०.४० ग्रॅमच्या आत ठेवावे लागतात, आणि त्यासाठी धुराच्या वाटेवर एससीआर ही धूर स्वच्छ करणारी यंत्रणा बसवतात. ट्रकवाले ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतात ते ३२.५ टक्क्यांचं द्रावण गरम धुरात फवारायचं, त्याचा अमोनिया होतो, आणि कॅटॅलिस्टवर, म्हणजे ही क्रिया घडवून आणणाऱ्या थरावर, तो नायट्रोजन ऑक्साइडशी भिडून साधा नायट्रोजन आणि पाणी तयार होतं. सगळा अमोनिया खर्ची पडला तर छान. उरला तर धुराड्यातून बाहेर.

म्हणजे एकाच आवारात अमोनियाची दोन घरं आहेत. कुठल्या घरातून किती येतो हे आकड्यात सांगता आलं पाहिजे, एवढंच काम.

२२ फेब्रुवारी

मालकांनी परवानगी दिली. जनरेटर सांभाळणारे काका दिवसभर सोबत होते, कंपनीचा सर्व्हिस इंजिनियरही लॅपटॉप घेऊन आला.

मशीनला स्वतःचा नॉक्स सेन्सर, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा, आहेच, मग वेगळं मोजायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. प्रश्न रास्त होता, म्हणून तिथेच करून बघितलं. लोड कायम ठेवून युरियाची मात्रा पायरी-पायरीने वाढवली. पडद्यावरचा आकडा २१० वरून १२० वर आला, मग ६०, मग ४८. त्यापुढे मात्रा वाढवली तर ७१, आणि आणखी वाढवल्यावर ९६.

युरिया वाढवून नायट्रोजन ऑक्साइड वाढत नाहीत. तो आकडा अमोनियाचा होता. ह्या सेन्सरच्या आत झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकच्या दोन खोल्या असतात. पहिलीत ऑक्सिजन उपसून टाकतात, दुसरीत नायट्रिक ऑक्साइड फोडून त्यातून सुटणाऱ्या ऑक्सिजनचा विद्युतप्रवाह मोजतात. सेन्सर एवढा तापलेला असतो की आत शिरणारा अमोनिया आधीच जळून नायट्रिक ऑक्साइड होतो, आणि सेन्सर त्याचीही त्याच खात्यात नोंद करतो. त्याला दोन्ही वायू एकच.

काका आकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे हा मीटर दुसऱ्याचं बिल आपल्या नावावर घेतोय." अगदी तसंच.

९ मार्च

टिन ऑक्साइडचं, वायू ओळखणारं स्वस्त मॉड्यूल शेडमध्ये लावून पाहिलं. बाद. दमट हवेत त्याचा मूळ आकडाच सरकतो, आणि जेट्टीवर बोंबील वाळत घातले की अमोनिया असल्यासारखं ओरडतं. कुजत्या मासळीतून येणारे अमाइन त्याला अमोनियाचेच भाऊबंद वाटतात. शेडच्या हवेसाठी ० ते १०० पीपीएमचा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) इलेक्ट्रोकेमिकल सेल बसवला, रासायनिक क्रियेतून वायू मोजणारा. तो बरा वागतोय. सकाळपासून २ ते ३ पीपीएम दाखवतो, जनरेटर बंद असतानाही. हे २-३ कुठून येतात ते लिहून ठेवते. पुढे ह्यावर परत यायचं आहे.

बहुतेकांच्या नाकाला ५ च्या आसपास अमोनिया कळतो. आठ तासांच्या कामासाठी २५ ही मर्यादा धरतात, ३०० ला जिवाचा धोका. बाया ज्या वासाने पळतात तो विषारी पातळीचा नसावा, पण हे मला मोजून सांगायचं आहे, अंदाजाने नाही. सत्तर जणींना "काही होत नाही" असं अंदाजाने सांगायचा हक्क कुणालाच नाही.

२३ मार्च

धुराड्यातलं पहिलं मोजमाप. सेन्सरच्या आधी जुन्या रसायनशास्त्राच्या वाटेने गेले, म्हणजे पुढे सेन्सरला पारखायला हाताशी काहीतरी राहील. पद्धत साधी आहे. पंपाने धूर ओढायचा, सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीतून बुडबुडे काढत न्यायचा, अमोनिया आम्लात अडकतो. मग प्रयोगशाळेत फिनॉल आणि हायपोक्लोराइट घालून निळा रंग आणायचा. निळा जितका गडद, तितका अमोनिया जास्त. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी संध्याकाळी लॅब उघडी ठेवायचं कबूल केलं.

बाटल्या बर्फात ठेवाव्या लागतात. बर्फाची इथे काय ददात! काकांनी अर्धी लादी फोडून घमेल्यात घातली.

मिनिटाला एक लिटर, वीस मिनिटं, वीस लिटर धूर. धुरात १० पीपीएम अमोनिया असला तर वीस लिटरमध्ये तो जेमतेम १४० मायक्रोग्रॅम भरतो. मिठाच्या एका कणाच्या आसपास. एवढ्याशासाठी हा सगळा पसारा.

धुराड्यापासून टेबलापर्यंत चार मीटर टेफ्लॉनची नळी होती. रात्री साडेनऊला मॅडमचा फोन आला, ४२ मायक्रोग्रॅम. म्हणजे ३ पीपीएम. आणि मी धुराड्याखाली उभी असताना माझे डोळे चुरचुरत होते. ३ पीपीएमला डोळे चुरचुरत नाहीत.

२४ मार्च

झोप लागली नाही. पहाटे उठून कालची नळी उजेडात धरली. आत बारीक थेंब होते, नळीच्या खालच्या बाजूला ओळीने बसलेले, घामासारखे.

एक किलो डिझेल जळालं की सव्वा किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन धुरात जातं. चार मीटरच्या गार नळीत ती वाफ थिजते, आणि अमोनियाला पाण्यासारखी आवडती जागा नाही. माझा अमोनिया बाटलीपर्यंत आलाच नव्हता, नळीत मुक्कामाला राहिला होता.

नळी आम्लाने दोनदा विसळून ते पाणी मॅडमकडे दिलं. दुपारी आकडा आला: ११८ मायक्रोग्रॅम. बाटलीत ४२, नळीत ११८, मिळून १६०. म्हणजे साडेअकरा पीपीएमच्या घरात. पाऊणहून थोडाच कमी हिस्सा वाटेतच गळाला होता.

आता पुढची दिशा नक्की. सेन्सर कुठला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न अमोनियाला कुठेही न थांबवता सेन्सरपर्यंत कसा आणायचा.

५ एप्रिल

नळी दीड मीटर केली. तिच्यावर हीटिंग टेप, मग ग्लास वूल, वर ॲल्युमिनियमची पट्टी, तीन ठिकाणी तापमान मोजायचे थर्मोकपल. कंट्रोलर १९० अंशांवर. १८० च्या खाली आणलं तर गंधकाचे जे अंश धुरात असतात त्यांच्याशी अमोनियाचे क्षार जमतात. आताच्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत असतं, तरी तेवढीही जोखीम नको. टेपचं शेवटचं वेटोळं पंपाच्या डोक्यापर्यंत नेलं, कारण दोन इंच गार जागा राहिली तरी थेंब तिथेच जमतो.

पंपाच्या तोंडाला दुकानातून आणलेला पितळेचा जोड लावला होता. आठवड्यात त्यावर निळसर हिरवी बुरशी चढली. ओला अमोनिया तांब्याला खातो, पितळ त्याला चालत नाही, हे मला माहीत होतं आणि घाईत मी तो जोड लावला. त्या आठवड्याचे सगळे आकडे रद्द केले. आता सगळे जोड स्टेनलेस स्टीलचे.

६ एप्रिल

तापवलेल्या नळीने पुन्हा मोजलं. बाटलीत १५१, नळीच्या विसळणीत ६ मायक्रोग्रॅम. आता बोलता येईल.

१९ एप्रिल

ट्रकसाठी बनवलेला झिरकोनियाचा अमोनिया सेन्सर आला. नॉक्स सेन्सरचा हा चुलतभाऊ, पण चालतो वेगळ्या तऱ्हेने. तापलेल्या झिरकोनियावर दोन इलेक्ट्रोड असतात. अमोनियाकडे लक्ष देणाऱ्या इलेक्ट्रोडवर अमोनिया जळतो आणि त्याच जागी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. दोन्हींची ओढाताण जिथे बरोबरीला येते तो व्होल्टेज आपण वाचायचा. ह्याला मिश्र विभव म्हणतात. धुराड्यात थेट बसतो, त्यामुळे नळीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या दृष्टीने हीच त्याची मोठी जमेची बाजू.

त्याचं गणित मात्र सरळ रेषेचं नाही. १० वरून २० ला जितके मिलिव्होल्ट वाढतात, साधारण तितकेच २० वरून ४० ला जाताना वाढतात. म्हणजे खालच्या टोकाला बारकावा छान, वरच्या टोकाला चूक मोठी. शिवाय धुरातला ऑक्सिजन लोडबरोबर बदलतो, त्याची दुरुस्ती घालावी लागते. सिलिंडरमधल्या प्रमाणित वायूवर तक्ता करायला बसले. अमोनिया असल्याने रेग्युलेटर आणि नळीच्या भिंतीच आधी पोटभर खातात, आकडा स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं. घाई केली तर तक्ता खोटा.

३ मे

सेन्सर फुटला.

सकाळी थंड मशीन चालू केलं तेव्हा सायलेन्सरमध्ये रात्रीचं पाणी साठलेलं होतं. सेन्सरचा हीटर मी लगेच चालू केला. सहाशे अंशांच्या सिरॅमिकवर एक थेंब पडला. आवाज आला नाही, फक्त आलेखाची रेघ सरळ खाली गेली. काढून भिंगाखाली पाहिलं तर टोकापासून तिरपी, केसाएवढी चीर, तिच्या कडेला पांढरट डाग. हात लावून ती चीर किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. साडेसोळा हजार रुपयांचा सेन्सर, आणि दोन आठवड्यांचा तक्ता.

दुसरा मागवला. आता अट प्रोग्राममध्येच घातली आहे: धुराच्या पाइपचं तापमान १५० अंशांवर सलग पाच मिनिटं टिकल्याशिवाय हीटर चालू होणारच नाही. सेन्सरही पाइपच्या वरच्या बाजूने, थोडा तिरका बसवला, म्हणजे पाणी त्याच्याकडे वाहत येणार नाही.

१० मे

युरियाच्या टाकीत डोकावले, कारण पाइपच्या वळणावर पांढरे खडे जमत होते. द्रावणावर तेलाचा तवंग आणि कडुनिंबाचा वास. पुरवठादाराने कॅनमध्ये शेतीचा युरिया विरघळवून दिला होता. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाचं लेपन सक्तीचं आहे, म्हणून नाकानेच पकडलं. त्यात बाययुरेट ही युरियातली अशुद्धीही जास्त असते. एससीआरच्या द्रावणात ती ०.३ टक्क्यांवर चालत नाही. काकांनी बिचाऱ्यांनी बिलावर लिहिलेलं खरं मानलं होतं. टाकी उपसून धुतली, सीलबंद कॅन आणवले, द्रावणाची तीव्रता तपासणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.३८३ आला. बरोबर.

१७ मे, रात्र

आज कळलं.

९:४० ला वीज गेली. जनरेटरवर फक्त दिवे आणि ऑफिस. धुराचं तापमान २१५ अंशांवर रेंगाळलं, युरिया थोडा थोडा फवारला जात होता. धुराड्यातला अमोनिया ३ ते ४ पीपीएम, अगदी शांत. १०:३२ ला काकांनी दोन्ही कॉम्प्रेसर एका पाठोपाठ टाकले. मशीन दबलं, धूर गरम व्हायला लागला, सहा मिनिटांत ३४० अंश. आणि अमोनिया ४ वरून ३८ वर. चार मिनिटं २० च्या वर राहिला, मग हळूहळू उतरला. दोन मिनिटं उशिराने शेडमधल्या सेलने ८ दाखवले. आतून गलका ऐकू आला, रात्रपाळीच्या बाया दारात.

कॅटॅलिस्ट थंड असताना अमोनिया धरून ठेवतो, स्पंजासारखा. कमी तापमानाला त्याची पोतडी मोठी असते. पन्नास मिनिटं कमी लोडवर ती भरत राहिली. धूर एकदम तापला तशी पोतडी आकसली आणि आतला सगळा साठा एकदम बाहेर पडला.

सगळ्यांची दिशाभूल कशी झाली ते आता उमगतं. वास येतो तो कॉम्प्रेसर सुरू झाल्यावरच. म्हणून बाया म्हणायच्या कॉम्प्रेसर गळतोय, आणि फिटर पोचेपर्यंत धूर निवळलेला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

काकीला फोन केला. ती जागीच होती. "म्हणजे धुराचाच?" म्हणाली. मी हो म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "उद्या हे सगळ्यांसमोर सांग. माझ्याकडून नको, तुझ्याकडून."

१८ मे

सांगितलं. आलेख छापून शेडच्या भिंतीवर लावला. पाय मुरगळलेली ताई पुढे येऊन बोटाने रेघ चढते तिथे टेकवत म्हणाली, "हे मी पळाले तेव्हाचं का?" त्या दिवसाचा आलेख माझ्याकडे नाही, असंच सांगितलं.

२६ मे

पाऊस ह्या वर्षी मे महिन्यातच. चार दिवस धो धो. नैर्ऋत्येचा वारा धुराड्याचा धूर पत्र्यावरून वळवून नेमका शेडच्या खिडक्यांत घालतो. गेल्या पावसाळ्यातच त्रास का सुरू झाला, तेही जुळलं.

१ जून

मासेमारी बंदी सुरू. होड्या वर ओढल्या, कारखान्याचे कॉम्प्रेसर देखभालीसाठी बंद. ह्याची मी मार्चपासून वाट बघत होते. शेडमधला सेल २-३ वरून दुपारपर्यंत ० वर आला. जनरेटर चालू ठेवला तरी शून्यच, कारण लोड स्थिर.

म्हणजे ते २-३ पीपीएम धुराड्याचे नव्हेत. कॉम्प्रेसरच्या बाजूलाही बारीक गळती आहेच.

१२ जून

सर्व्हिस इंजिनियरने लोड बँक, म्हणजे जनरेटरवर हवा तेवढा लोड टाकायचं यंत्र, आणली. कॉम्प्रेसर पूर्ण बंद ठेवून १७ मेचीच गोष्ट पुन्हा घडवली: पन्नास मिनिटं हलका लोड, मग एकदम पूर्ण. धुराड्यात ३५ पीपीएम. ह्यावेळी शंकेला जागाच नव्हती.

मग उलट करून पाहिलं. हलक्या लोडनंतर पूर्ण लोड एकदम न टाकता बारा मिनिटांत चार पायऱ्यांनी चढवला. सर्वोच्च आकडा १३. तिसऱ्यांदा, हलका लोड वीस मिनिटांवर जाऊच दिला नाही: १० वर थांबला. त्याच वेळी आम्लाची बाटलीही लावली होती, वीस मिनिटांची सरासरी सेन्सरशी दीड पीपीएमच्या फरकाने जुळली.

२९ जुलै

कॉम्प्रेसर पुन्हा दाबावर घेतले. फिटरने गंधकाची वात पेटवून एकेक सांधा दाखवला. दुसऱ्या कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे दांड्याभोवती पॅकिंग भरतात तिथे, वातीचा धूर पांढराशुभ्र, दाट झाला. पूर्वी तपासताना वात सांध्यांवरच फिरवली होती, ग्लँडवर नाही. पॅकिंग बदललं, वात परत धरली, धूर साधा.

१९ ऑगस्ट

हंगामाचा पहिला जोराचा आठवडा. धुराडं मालकांनी तीन मीटरने उंच केलं आहे. पॅनेलजवळ काकांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: 'दिवे-पंखे वीस मिनिटांवर एकटे नकोत. आधी बर्फ फोडायचं यंत्र, मग पंखे, मग पहिला कॉम्प्रेसर, पाच मिनिटांनी दुसरा.'

काल रात्री ८:१५ ला वीज गेली. धुराड्यात सर्वोच्च १४, शेडमध्ये १. शेडच्या भिंतीवर दोन दिवे बसवले आहेत, एक धुराड्याचा, एक कॉम्प्रेसर खोलीचा. धुराड्याचा पिवळा लागला आणि तीन मिनिटांनी हिरवा झाला. काकी सांगत होती, दोघी-तिघींनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं आणि परत कोळंबीला लागल्या.

बाकी कामं: हीटिंग टेपचा तिसरा थर्मोकपल चार अंश कमी दाखवतो, बदलायचा. शेडमधला सेल डिसेंबरमध्ये वायूवर तपासायचा. आम्लाच्या बाटलीची पुढची चाचणी १५ सप्टेंबरला, मॅडमना विचारून.